छत्री

तीस नोव्हेंबरच्या पहाटे सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चच्या आवारात आम्ही तीस-पस्तीस जण जमलो होतो. त्यात छत्री घेतलेला मी एकटाच.

छत्री आईने दिली होती. काळी, लांब दांड्याची. "आसूं दे बरोबर," एवढंच म्हणाली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी काही बोललो नाही, घेतली आणि निघालो.

जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला चालत जायचं. तीन डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियरचा दिवस, त्याआधी नऊ दिवस प्रार्थना, म्हणजे नोव्हेना. सिंधुदुर्गातून, बेळगावकडून, कारवारकडून माणसं चालत येतात. आमचे शेजारी आषाढीला पंढरपूरला जातात, ते ह्याला सरळ 'तुमची वारी' म्हणतात आणि मलाही तोच शब्द आवडतो. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर. पासष्ट-सत्तर किलोमीटर, दोन मुक्काम.

नियम तीनच: पांढऱ्या पट्टीच्या आत चालायचं, सकाळची रोजरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की तासभर कुणी बोलायचं नाही, आणि मोबाईल पिशवीत.

माझा मुलगा चौदा वर्षांचा. तो का आला हे आधी सांगतो, कारण त्यात माझी शोभा आहे. मी त्याला सांगितलं होतं, आला नाहीस तर नाताळपर्यंत मोबाईल बंद. त्यामुळे आला.

बांद्याच्या अलीकडे, मौनाच्या तासात, त्याने मोबाईल काढला. मान खाली घालून चालता चालता पट्टीबाहेर गेला. मागून डंपर. हॉर्न असा वाजला की पुढच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातातली रोजरी खाली पडली. मी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "कळत नाही? मी सांगतो ना!"

"तू सांगतोस म्हणूनच आलोय," तो म्हणाला. "मला यायचंच नव्हतं."

मग बांद्यापर्यंत त्याचं मौन सगळ्यांत कडक.

बांद्यात एका घरात कोकम सरबत मिळालं. घर हिंदू, तुळशीसमोर आमच्या काठ्या-पिशव्या टेकवलेल्या. ती काकू मला म्हणाली, "पावस पडतलो काय रे? छत्री कित्याक?" सगळे हसले. मुलगाही हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

चालताना डोकं रिकामं होतं आणि नको ते आठवतं. दहा आज्ञा मी लहानपणी पाठ केल्या त्या छडीखाली. चौथी यायची: आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख. (आमची चौथी. माझे प्रोटेस्टंट मित्र तिला पाचवी म्हणतात, आणि ह्यावर चहाच्या दोन फेऱ्या सहज निघतात.) छडी वर्गात असेपर्यंत दहाच्या दहा आज्ञा चोख यायच्या. बाई पाठमोऱ्या झाल्या की आम्ही पेन्सिली चोरायचो. आता बाप झाल्यावर मी त्याच छडीच्या जागी मोबाईल आणून ठेवला होता, एवढाच फरक.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, "माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल." हे वाक्य मी वर्षानुवर्षं धमकीसारखं वाचत आलो. 'प्रेम असेल तर करून दाखव,' असं. घरीही तसंच वापरलं. शेवटच्या रात्रीच्या जेवणानंतर, त्याच रात्री आपल्याला धरून नेणार हे ठाऊक असलेला माणूस ते बोलतोय, त्याच माणसाने थोड्या वेळापूर्वी ह्याच लोकांचे पाय धुतलेत, हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. पेडणे तालुक्यातल्या पहिल्या मुक्कामाला, बादलीत मिठाचं पाणी घेऊन स्वतःच्या पायांकडे बघत बसलो होतो, तेव्हा ते ध्यानात आलं. मुलाला 'पाय टाक ह्यात' म्हणालो. तो म्हणाला, "नको."

दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या पुलावर, खाली शापोरा नदी, ऊन चांगलंच वर आलेलं, तो माझ्या बाजूला आला.

"छत्री उघडत का नाहीस? निदान सावली तरी."

"एकटा छत्रीखाली कसा चालू?"

"मग आणलीस कशाला?"

"आजीने सांगितलं."

"पण पाऊस नाही हे तुला माहीत होतं."

"होतं."

"नाही आणली असती तर आजी काय करणार होती?"

काय करणार होती? एकाहत्तर वर्षांची बाई. काहीसुद्धा नाही. मी तेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प चालला आणि म्हणाला, "वेडा आहेस."

म्हापशाला त्याच्या टाचेला फोड आला. नवे बूट घालू नको हे मी घरी तीनदा सांगितलं होतं, आणि इथे चौथ्यांदा सांगायचं तोंडावर आलं होतं. गिळलं. ग्रुपमधल्या आजोबांनी सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवून तसाच ठेवला, पाणी निथळलं. आजोबांनी त्याला गाडीतून पुढे जायला सुचवलं. मीही म्हणालो, "जा, मोबाईल घे, पणजीत भेटू." मनापासून म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तिथून छत्री त्याची काठी झाली.

पणजी सोडली की रायबंदरपर्यंत पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला लांबच लांब बांध आहे, सुमारे तीन किलोमीटर. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं. तिथे त्याने विचारलं, सायब इतक्या लांब आला कशाला?

मी सांगितलं. 1540 साली रोममध्ये भारतात जायला दुसऱ्याची, बोबाडिलाची निवड झाली होती. तो आजारी पडला. त्यांच्या जेझुइट संघाचा प्रमुख इग्नेशियस लोयोला, त्याने झेवियरला विचारलं, तो म्हणाला, मी तयार आहे, आणि जुने कपडे शिवून दोन दिवसांच्या आत निघाला. पुन्हा इग्नेशियसची भेट कधी झाली नाही. मित्रांच्या पत्रांतल्या सह्या कापून तो जवळ बाळगायचा.

"म्हणजे स्क्रीनशॉट," मुलगा म्हणाला.

"तसंच. आणि जून 1553 मध्ये इग्नेशियसने पत्र लिहिलं, परत ये. तोवर झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला होता, आधीच्या डिसेंबरात."

तो थांबला. "मग ती आज्ञा मोडली का?"

ह्याचं उत्तर मला आलं नाही. आजोबा पुढून म्हणाले, "पत्र पोचला असता तर तो इल्लोच असतो." आणि चालत राहिले.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या बाहेर तोबा गर्दी. गिलावा नसलेला तो लाल चिरा बघून मुलगा म्हणाला, आपल्या घरासारखाच आहे की. आत सायबाचं शव असलेली चांदीची पेटी इतकी उंचावर की मान दुखली. ती खाली आणतात दहा वर्षांनी एकदा. "एवढं चालून एवढंच?" तो म्हणाला, पण हळू, टोपी हातात घेऊन. तीन तारखेची मिसेची प्रार्थना आम्ही बाहेरच्या मंडपात उभ्याने ऐकली. छत्रीवर भार टाकून तो माझ्याआधी गुडघ्यावर आला. मी त्याला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कदंबाच्या बसने सावंतवाडी. आई दारातच होती. पाय नंतर बघितले तिने, आधी विचारलं, "छत्री लागली काय रे?"

पाऊस पडला नव्हता हे तिलाही माहीत असणार. खोटं बोलू नको ही आज्ञा डोक्यात घोळवत मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मुलगा लंगडत पुढे गेला आणि छत्री तिच्या हातात देत म्हणाला, "मला लागली."