तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धात नळाला पाणी कोण सोडतं?

गोव्यात फोंड्याच्या आसपास युद्ध आणि पाणी या विषयावर कुठेही बोललो की शेवटी एक हात वर होतोच. ‘भाऊ, बाँब टाकणारा काय कायद्याचं पुस्तक बघून टाकतो? मग पाण्याच्या प्रकल्पाला हात लावू नका, असं लिहून उपयोग काय?’ रास्त प्रश्न आहे. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे उत्तर पंपहाऊसपासून सुरू करतो.

ऑगस्ट २०१९ आठवा. खांडेपारला ओपा पाणीप्रकल्पाची मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा, तिसवाडी कित्येक दिवस टँकरची वाट बघत बसले. क्रेन होती, वेल्डर होते, वीज होती, कामगारांवर कुणी गोळ्या झाडत नव्हतं. तरीही एवढे दिवस लागले.

युद्धात प्रकल्पावरच बाँब पडायला हवा असं नाही. फिडर, म्हणजे वीज आणणारी लाईन, गेला की पंप बंद. जनरेटर असतो, पण डिझेल संपतं. तुरटी नाही मिळाली तर गाळ बसत नाही. क्लोरीनच्या सिलिंडरला तर नाक्यावरच अडवतात, कारण त्याच वायूचं हत्यारही होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाईनीतला दाब जाणं. दाब असेपर्यंत गळक्या सांध्यातून पाणी बाहेर पडतं. दाब गेला की शेजारच्या गटाराचं पाणी त्याच सांध्यातून आत येतं. पुन्हा पंप सुरू झाला की तेच घराघरांत. येमेनमध्ये २०१७ अखेर कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले, त्यामागे बंद पंप, तुंबलेली गटारं आणि पगाराविना राहिलेले कर्मचारी होते.

आता कायदा. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं, म्हणजे जोडकराराचं, ५४ वं कलम सांगतं की लोकांच्या जगण्याला लागणारी शेतं, गुरं, पाण्याचे साठे, पाणीयोजना त्यांना वंचित ठेवण्यासाठी नष्ट करू नयेत. (भारताने १९४९ चे मूळ करार मानले, या प्रोटोकॉलवर मात्र सही केलेली नाही. हे सांगितलं की सभेत हमखास कुजबुज होते.) २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेने २५७३ क्रमांकाचा ठराव एकमताने केला, त्यातही हेच. मार्च २०२४ मध्ये युक्रेनच्या वीजयंत्रणेवरच्या हल्ल्यांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोन रशियन सेनाधिकाऱ्यांवर अटक वॉरंट काढलं. अटक झालेली नाही. म्हणजे तुमचा मुद्दा तिथे खराच.

पण माझ्या मते कायद्याचं खरं काम कोर्टाच्या खूप आधी असतं. पूर्व युक्रेनमध्ये यासिनुवाता आणि अव्दिइवका यांच्यामध्ये दोनेत्स्कचं पाणी शुद्धीकरण केंद्र आहे. २०१४ नंतर ते नेमकं युक्रेनची फौज आणि रशियाच्या पाठिंब्याचे फुटीर यांच्या मधल्या पट्ट्यात सापडलं. पाणी मात्र दोन्हीकडच्या गावांना जायचं. तारा तुटल्या की युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचे निरीक्षक दोन्ही बाजूंशी बोलून काही तासांची गोळीबारबंदी ठरवायचे. तेवढ्यात लाईनमन जाऊन जोडणी करायचे. तरी एप्रिल २०१८ मध्ये कामगारांच्या बसवर गोळीबार झाला, पाच जण जखमी झाले. केंद्र थांबलं, बोलणी झाली, पुन्हा सुरू झालं. अशा बोलणीत दोन्ही सेनापतींसमोर ठेवायला काहीतरी लागतं. ‘दया करा’ म्हणून भागत नाही. ‘हे तुमच्याही सरकारनं मान्य केलंय’ असं म्हणता आलं तर निदान फोन उचलला जातो.

अशा गोष्टी तोडल्या की फटका फौजेपेक्षा लोकांना बसतो, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना चटकन समजतं. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांनी बाणास्तारी आणि बोरीचे पूल उडवले. भारतीय फौज तेवढ्याने थांबली नाही, १९ तारखेला पणजीत पोचलीच. बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्यांना मात्र पुढेही होडी धरावी लागली.

‘मग असं दोन्ही बाजूंशी बोलून ठरवणं सगळीकडे का चालत नाही?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेला. मधला माणूस दोन्ही बाजूंना हवा असेल तोवरच चालतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण युद्ध पेटलं आणि मार्चअखेर त्या निरीक्षकांची मुदतच संपली, वाढवून मिळाली नाही. त्यानंतर दोनेत्स्क शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ठरलेल्या दिवशी, काही तास येतं.