शिवसागराच्या पलीकडे

बामणोली, २१ मे

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी फार खाली गेलंय. लाँच गाळाच्या कडेला थांबते आणि पुढचा सगळा चढ भेगाळलेल्या जमिनीवरून पायी. आज माझ्यापुढं एक बाई भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन चढत होती. मागं तिचा मुलगा पिठाची पिशवी सांभाळत होता. पावसाळ्यात लाँच पार वर येते, पण वारा सुटला की ती बंद. पलीकडच्या गावांत कुणी आजारी पडलं की आधी वारा बघावा लागतो, मग डॉक्टर.

आत्याचं सासर याच खोऱ्यातलं. ती सांगते, धरण होण्यापूर्वी नदी उतरून माणसं चालत बाजाराला जायची. भाताची खाचरं नदीकाठी होती, तीच आधी बुडाली. वर उरली ती वरकस जमीन, नाचणी-वरीची. तिच्या चुलत दिरांना बदल्यात जमीन मिळाली ती पार सोलापूरकडं. डोंगरातल्या माणसांना ते उघडं माळरान मानवलं नाही. काही परतले, बाकीचे मुंबईला गेले.

कोयनेची वीज १,९६० मेगावॉट. राज्याचे कारखाने तिच्यावर उभे राहिले, ते मला मान्यच आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी कराडला कृष्णेला मिळते. तिचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी मात्र बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवता येतं. पोफळीकडं वीज झाली की ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. धरणग्रस्तांना जिकडं धाडलं ते दुष्काळी तालुके पूर्वेला, आणि त्यांच्या नदीचं पाणी पश्चिमेला. हे मला अजून पचत नाही.

१९६२ पासून पाणी साठू लागलं आणि जमीन हादरू लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. जलाशयाच्या भारानं आणि खोल झिरपणाऱ्या पाण्यानं झालेला भूकंप म्हणून जगभर अजूनही कोयनेचाच अभ्यास होतो. आत्या त्या रात्रीबद्दल फार बोलत नाही.

पुढं १९८५ ला अभयारण्य झालं, मग व्याघ्र प्रकल्प. जंगल राखायलाच हवं. पण धरणातून वाचलेल्या वाड्यांनाच पुन्हा उठायला सांगायचं, तर पहिल्या पुनर्वसनाचा हिशेब आधी पुरा करा. आत्याच्या नातवाच्या हातात आजही प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे. जमिनीचा सात-बारा मात्र त्याच्या नावावर नाही.