भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट: नवा केलेला घ्यावा की जुना?

भाड्याने देण्यासाठी म्हणून पहिला फ्लॅट घ्यायचा ठरवला, तेव्हा डोंबिवली पूर्वेला एकाच गल्लीत दोन वन बीएचके पाहिले. एक नुकताच नवा करून ठेवलेला, ५२ लाखांना. दुसऱ्याला २५ वर्षांत कुणी हात लावला नव्हता, तो ४४ लाखांना. माझं मन पहिल्यावरच बसलं होतं. मॉड्युलर किचन, ताजा रंग आणि ताबा मिळाला की लगेच भाडं सुरू.

ओळखीच्या प्लंबरदादांना सोबत नेलं म्हणून वाचले. ते बाथरूमच्या दारातच थांबले. "ताई, हा उंबरा बघा." आतली फरशी उंबऱ्याच्या जवळजवळ बरोबरीला आली होती. जुन्या लाद्या न काढता त्यांच्यावरच नव्या चिकटवलेल्या! खालचं वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जायची फरशीतली जागा), सगळं तेच जुनं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून आम्हाला आत नेलं. त्यांच्या बाथरूमच्या छतावर पिवळा डाग, मधोमध ओला.

जुन्या फ्लॅटमधले गंजलेले पाईप आणि उघड्या वायरी निदान डोळ्यांना दिसत होत्या, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधता आला. मी तोच घेतला. माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळे मुद्रांक शुल्क ७ऐवजी ६ टक्के लागलं. पण एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती: बँकेने गृहकर्ज दिलं ते फ्लॅटच्या किमतीवर, दुरुस्तीचे पावणेचार लाख माझ्या बचतीतून गेले.

त्यातही दीड महिन्याचं काम तीन महिने चाललं. हप्ता चालू, भाडं शून्य. त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही. हातात पाच-सहा हप्त्यांएवढी शिल्लक नसेल, तर तयार घरच घ्यावं असं मी मनापासून सांगेन, फक्त खालच्या शेजाऱ्यांचं छत बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.

मी पैसे घातले ते वॉटरप्रूफिंग, पाईप आणि वायरिंगवर. लाद्या बसवण्याआधी गळती तपासायला बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवलं. किचनला साधा कडाप्पा. भाडं १५ हजार ठरलं. शेजारचा तो नवा केलेला फ्लॅट नंतर साडेसोळाला गेला, म्हणजे माझा दुरुस्तीचा खर्च धरूनही सव्वाचार लाख जास्त मोजून महिन्याला दीड हजारच जास्त.

११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवला, पोलिसांना भाडेकरूंची माहिती दिली. सहा महिन्यांनी खालच्या घरी जाऊन बाथरूमचं छत हाताने चाचपून पाहिलं. कोरडं ठणठणीत होतं.