आमची वाटचाल : आधी डेलको, मग कार्बोरेटर

मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाट होती, तेव्हापासून आमचं गॅरेज जुन्या पेट्रोल इंजिनांचं ट्यूनिंग करतं. पद्मिनी, म्हणजे तीच फियाट, टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची बंद झाली. आता येतात त्या शौकिनांच्या, रविवारी निघणाऱ्या गाड्या. इंजिन तेच, 1089 सीसीचं. तक्रारी बदलल्या, कारण गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि स्लो जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या आयडलिंगच्या बारीक भोकात, चिकटा बसतो.

कामाचा क्रम मात्र आम्ही कधीच बदलला नाही : टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि शेवटी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर. मालक ‘कार्बोरेटर खोला’ म्हणतो, आम्ही डेलकोचं, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढतो. पॉइंट त्यातच असतात. पॉइंटचा गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. डेलको क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तिथला एक अंश क्रँकवर दोन अंश. आधी टायमिंग लावून मग पॉइंटला हात लावला, तर पहिली मेहनत फुकट.

गॅप साधारण 0.4 मिमी; डेलको कुठल्या मेकचा आहे त्यावर आकडा थोडा हलतो. पॉइंटच्या फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणूनच फीलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालायचा. एका पॉइंटवर टेकाड नि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल, तर फीलर टेकाडावर अडतो आणि खरा गॅप जास्त असूनही कमी वाटतो. असे पॉइंट घासत बसू नयेत, बदलावेत. कॅमवर ग्रीसचं बोट हवंच, नाहीतर टाच झिजून गॅप मिटतो, टायमिंग मागे पडतं आणि गाडी चढाला ओढत नाही.

टायमिंगला महागडं यंत्र लागत नाही. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणा, पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर धरा. टेस्ट लॅम्पचं एक टोक डेलकोच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. स्विच ऑन करून डेलको हळूहळू फिरवा. दिवा ज्या क्षणी पेटतो तिथे पॉइंट उघडले. क्लँप आवळून इंजिन हाताने दोन फेरे, चालतं त्याच दिशेने, फिरवून पुन्हा बघा. आवळताना डेलको हमखास सरकतो. प्लगच्या वायरींचा क्रम 1-3-4-2.

आता सोलेक्सकडे, म्हणजे या गाडीच्या कार्बोरेटरकडे. इंजिन गरम, चोक न लावता. मिक्श्चर स्क्रू अलगद टेकवून दीड फेरा बाहेर. मग आत-बाहेर करत आयडलिंग सर्वांत गुळगुळीत होईल तिथे सोडा. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर स्लो जेट चोंदलाय किंवा खालच्या पॅकिंगमधून हवा मारतेय. सांध्यावर ब्रशने थोडं इंजिन ऑइल लावा; आवाज बदलला की गळती तिथेच. जेटमध्ये तार कधीच घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. रेस देताना गाडी अडखळते का? इंजिन बंद ठेवून थ्रॉटल दाबा. आत पेट्रोलची धार दिसली नाही तर कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम गेला.

इथेनॉलवाल्या पेट्रोलने नवी डोकेदुखी आणली. जुने रबर पाइप फुगतात, आणि त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरा निघाला आणि हवेची गळती नसेल, तर मेन जेट (रेस देताना पेट्रोल पुरवणारा) एक नंबर मोठा घालतो. आणि गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडणारी गाडी कितीही पेट्रोलची तक्रार वाटली, तरी आम्ही पहिल्यांदा कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शमवणारा डेलकोचा छोटा भाग, बदलून बघतो.