आज्जीची अडशिरी आणि फादरचा फॉर्म

मागच्या रविवारी चर्चमधी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर फादरनी सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला. वेळ, कला, पैसा, यातलं काय देता त्यावर टिक करा म्हणे. मागच्या बाकावर लगेच कुजबुज, "काहून, नवीन वर्गणी का?" खरं सांगू, माझ्याही मनात तेच आलं.

मग फादरनी समजावलं. ही स्टीवर्डशिपची, म्हणजे देवानं दिलेलं सांभाळून त्यातला वाटा परत द्यायची, पद्धत अमेरिकेत लई रुजलीय, तिथल्या बिशपांनी 1992 साली यावर पत्रच काढलं, आणि कॅन्ससमधल्या विचिटा धर्मप्रांतात तर लोक वेळ देतात, कमाईतला वाटा देतात अन् त्यावर कॅथलिक शाळा चालतात, अशा घरच्या पोरांना वेगळी फी नाही. ऐकायला भारी, पण तिथं पगार ठरल्या तारखेला येतो हो! आपल्याकडं सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, भाव पडला की कर्जातच जातो, आणि दिवाळी झाली की अर्धी गल्ली ऊसतोडीला. त्यात आमचा औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीतून वेगळा झाला तो 1977 मधी, म्हणजे तसा तरुणच, आणि मिशननं द्यायचं, आपण घ्यायचं ही सवय त्याहून जुनी. हे मी फादरला बोललो. ते म्हणले, फॉर्मात वेळ पहिला लिहिलाय, पैसा शेवटी, बघितलं का?

घरी येऊन बायबल काढलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात 4:10 ला शब्द आहे 'कारभारी'. मला हसूच आलं, कारण आज्जी आजोबाला तशीच हाक मारायची, "अवं कारभारी". पण कारभारी म्हणजे मालक नव्हे ना, दुसऱ्याचं सांभाळणारा.

आज्जी सुगीची पहिली ज्वारी चर्चला द्यायची. विकायची ज्वारी अडशिरीनं मोजताना वरून हात फिरवून शीग काढायची, आणि चर्चच्या पिशवीत टाकताना मात्र शीग तशीच, दाणे ओट्यावर सांडायचे तरी. आजोबा कुरकुरायचे. ती म्हणायची, सांडलेलं चिमण्या खातेत, तुमचं काय जातंय. तिला स्टीवर्डशिप हा शब्द कोणी सांगितला असता तर तिनं विचारलं असतं, हे खायचं का लावायचं?

मंगळवारी चर्चच्या बोअरची मोटर बंद पडली. गल्लीतला एक पोरगा, मोटर भरायचं काम करतो, रविवारी फॉर्म न घेताच निघून गेलेला, तो पाना घेऊन आला आणि दोन तास चिखलात बसून मोटर चालू करून गेला. चहा पण नको म्हणला. त्याची टिक कुठल्या रकान्यात?

मी शनिवारी दहावीच्या पोरांचं गणित घ्यायचं लिहिलं. पैशाचा रकाना अजून कोराच. बायकोनं फॉर्म बघितला आणि म्हणली, कापूस जाऊ द्या मग बघू, कारभारी.