धुऱ्यापलीकडचं पिवळं सोयाबीन

औसा तालुक्यात मी कृषी सहाय्यक होते तेव्हाची गोष्ट. ऑगस्टचा पहिला आठवडा, सोयाबीन ३५ दिवसांचं. सकाळीच मामांचा फोन: "ताई, धुऱ्याच्या अलीकडं हिरवंगार अन् पलीकडं हळद लावल्यावानी. बियाणं एकच, पेरणी एकाच दिवसाची."

आमच्या चुनखडीच्या रानात पिवळं म्हटलं की आधी लोहाची कमतरता आठवते. पण तिच्यात शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. इथं खालची जुनी पानं आधी पिवळली होती. म्हणजे पीक नत्राला उपाशी.

मामा झाड उपटायला वाकले, मी थांबवलं. उपटलं की मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. कुदळीनं ढेकळासकट काढून बादलीत हलक्या हातानं धुतलं. हिरव्या बाजूच्या मुळांवर गाठीच गाठी. ब्लेडनं एक कापली तर आत लालसर गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीचा. ते प्राणवायू आवरून धरतं, म्हणून आतले जिवाणू हवेतला नत्र बांधू शकतात. मग पलीकडचं झाड धुतलं. एकही गाठ नाही. आणखी तीन ठिकाणी खणलं, तेच.

"पण रायझोबियम तर सगळ्याच बियाण्याला लावलं की!"

रायझोबियम म्हणजे गाठींत राहणारे तेच जिवाणू. कसं लावलं ते विचारलं. बुरशीनाशक, गुळाचं पाणी, जिवाणूंची पाकिटं, सगळं एकाच घमेल्यात कालवून बियाणं उन्हात पत्र्यावर वाळवलेलं. जिवाणू तिथंच मेले असणार. मग अलीकडचं हिरवं कसं? बराच वेळ धुऱ्यावर बसून राहिले तेव्हा सुचलं.

"मामा, पलीकडं आधी काय होतं?"

"ऊस. त्याच्या आधी ज्वारी."

धुऱ्याच्या अलीकडं मात्र दर खरिपाला सोयाबीन. तिथल्या मातीत मागच्या वर्षांचे जिवाणू वस्तीला होते, त्यांनीच पीक तारलं. सोयाबीन मूळ चीनकडचं. जिथं ते कधी पेरलंच नाही तिथं त्याचे जिवाणू सहसा नसतात, आणि हरभऱ्याचे त्याला चालत नाहीत. पलीकडच्या तुकड्याची सारी भिस्त त्या पाकिटांवर होती.

बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक मेमध्ये मीच घेतलं होतं. आधी बुरशीनाशक, ते सुकलं की शेवटी जिवाणू, सावलीत वाळवून लगेच पेरणी, असा क्रम सांगितला. तो का, ते सांगितलं नाही. पाकिटातल्या काळ्या भुकटीत जीव असतो हे माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. मामांच्या लेखी तेही एक औषधच. हे मला अजून टोचतं.

त्या तुकड्यावर फुलोऱ्याआधी २ टक्के युरिया फवारायला सांगितला. तेवढंच हातात होतं. मामा मात्र कापलेली गाठ तळहातावर घेऊन उभेच होते. "हे जित्तं हाय व्हय?"

पुढच्या जूनमध्ये त्यांच्या घरी गेले तर रायझोबियमची पाकिटं माठाशेजारी सावलीत ठेवलेली, आणि नातवाला तिकडं फिरकायची बंदी.