सांदण दरी: डोंगर फाटला नाही, पाण्याने कापला

भंडारदऱ्याजवळचं साम्रद गाव सोडलं की बराच वेळ दरीचा पत्ताच नसतो, नुसती झाडीतली सपाट वाट, आणि मग अचानक दोन कातळांमधून खाली उतरणारी फट. जसजसं आत जावं तसतशा दोन्हीकडच्या भिंती चढतच जातात, दोन-तीनशे फूट सहज, आणि काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच जागा. पहिल्या डोहात पाणी गुडघ्याच्या वर, आणि असं गार की बोलती बंद!

बघून वाटतं भूकंपात डोंगर फाटला असणार. पण भिंतीचा खालचा भाग हात लावून बघा, घासून गुळगुळीत झालाय, वर मात्र खडबडीत. हे काम पाण्याचं. सह्याद्री म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर, लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, पावसाचं पाणी नेमकं त्यातच शिरतं. त्यात कोकणाकडचा उतार म्हणजे सरळ कडाच, त्यामुळे पाणी बाजू रुंद करायच्या भानगडीत न पडता आधी खालीच कापत सुटतं.

याच डोंगराच्या पलीकडे प्रवरा बघा. रतनगडावर उगम, पण पूर्वेला उतार निवांत, म्हणून तिचं खोरं कसं पसरट, आरामात भातखाचरं मावतील असं. पुढे ती गोदावरीला मिळते, आणि सांदणचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला. हिमालयात हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या तळाला रुंद, यू आकाराच्या. आपल्याकडे नद्यांचाच कारभार त्यामुळे व्ही, आणि सांदण तर व्ही पण नाही, सरळ आय!

बाकी यूट्यूबवर ‘आशियातली दोन नंबरची दरी’ असं छातीठोक सांगतात, आता कशात दोन नंबर ते कोणी सांगत नाही. नुसतं खोल असून भागत नाही हो, पाणी बाहेर पडायला उतार आणि वाट पण लागते, म्हणून तर चहूबाजूंनी कडा असून लोणारला कोणी दरी म्हणत नाही.

आणि पावसाळ्यात आत अजिबात शिरू नका, वर माळावर पडलेलं सगळं पाणी याच फटीतून उतरतं आणि बाजूला चढून उभं राहायला जागा नाही. डिसेंबरनंतर जा, गावातला माणूस सोबत घ्या, बूट भिजणारच.